चेंज गिअरचा डबा मशिनीबरोबरच विका

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात लिलावाच्या जाहिराती येतात त्या मी न चुकता वाचतो. घरातले हसतात, म्हणतात लोक राशीभविष्य वाचतात आणि तुम्ही भंगार वाचता. पण धंदाच तसला आहे आमचा. 'निर्लेखित यंत्रसामग्री जसे आहे जिथे आहे तत्त्वावर विकणे आहे' हे वाक्य तर आता पाठ झालंय (निर्लेखित म्हणजे वापरातनं काढून टाकलेली), आणि माझी तक्रार त्यातल्या 'जसे आहे' या दोन शब्दांवरच आहे, कारण लेथ, म्हणजे लोखंडी जॉब फिरवून कापायचं आमचं मशीन, जशी आहे तशी कुणी विकतच नाही हो. लेथ एका लॉटमध्ये, तिचे चक, म्हणजे जॉब पकडायचे जबडे, दुसऱ्या लॉटमध्ये, आणि चेंज गिअरचा, म्हणजे हव्या त्या मापाचे आटे पाडायला बदलून लावायच्या गिअरचा, लाकडी डबा 'मिक्स लोखंड' म्हणून किलोवर. म्हणजे कुलूप एकाला विकलं आणि किल्ली वितळवायला पाठवली. हे कसं होतं ते मी स्वतः डोळ्यानं बघितलंय म्हणून लिहितोय, पत्र लांबलंय, छापताना कात्री लावली तरी चालेल पण डब्याचं तेवढं राहू द्या.

माझं वर्कशॉप कोल्हापुरात उद्यमनगरात, दोन शटरचं. एक बऱ्यापैकी नवी लेथ आहे, एक शेपर आहे तो बंद, ड्रिल, वेल्डिंग, आणि कोपऱ्यात एक जुनी सहा फुटी लेथ. ही जुनी आबांनी, म्हणजे वडिलांनी, मुंबईच्या एका गिरणीतनं आणली. १९८२ चा संप झाला, त्यानंतरच्या वर्षांत एकेक गिरणी गळत गेली आणि गिरणीच्या मेकॅनिक खात्यातली मशिनं बाहेर पडायला लागली, त्यातली ही एक. ट्रकमधनं आली तेव्हा मी शाळेत होतो, उतरवायला क्रेन नव्हती, पाईपावरनं ढकलत आत घेतली आणि शटरच्या उंबऱ्याचा कोपरा फुटला तो अजून तसाच आहे. नेमप्लेट कुणीतरी आधीच उचकटलेली, चार रिव्हेटची भोकं तेवढी शिल्लक. एप्रनच्या कास्टिंगवर 'मेड इन इंग्लंड' एवढं वाचता येतं आणि बेडच्या, म्हणजे लांब पायाच्या, टेलस्टॉककडच्या (चकाच्या समोरच्या) टोकाला एक नंबर ठोकलेला आहे. कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची, कुणाला पत्ता नाही. पण आबांनी त्या वेळी एक शहाणपणा केला, गिरणीच्या माणसाला चहापाणी देऊन लेथबरोबरचा गिअरचा डबा मागून घेतला. २० दात ते १२० दात, पाच-पाचच्या टप्प्यानं, आणि वर एक मोठा १२७ चा. त्या डब्यावर आमची पुढची सगळी वर्षं निघाली.

आता पहिला प्रश्न सगळे विचारतात, एवढी जुनी मशीन ठेवता कशाला, कॉम्प्युटरवर चालणारी सीएनसी घ्या की. अहो सीएनसी आहे ती हजार नगाच्या जॉबसाठी. आमच्याकडं सकाळी आठला एक शेतकरी येतो, पंपाचा शाफ्ट मोटरसायकलला आडवा बांधून आणलेला असतो, पाणी देण्याची पाळी आजच असते आणि त्याला संध्याकाळी शाफ्ट बसवून पाहिजे असतो. नंतर ट्रॉलीचा एक्सल येतो, गुऱ्हाळाच्या चरक्याचा रोल येतो, इचलकरंजीच्या मागाचा कुठलातरी पार्ट येतो ज्याचं ड्रॉइंग जगात कुठंच नाही, तुटका तुकडा हेच ड्रॉइंग. एका नगासाठी प्रोग्रॅम कोण लिहिणार. असली कामं जुन्या लेथवरच होतात आणि ती करणारी मशीन पैसे फिटलेली पाहिजे, नाहीतर शाफ्टचं बिल ऐकून शेतकरी नवा पंपच घेईल. तसं आमच्या लेथचं फार कौतुक नाही मला, बेड चकाजवळ झिजलाय, लांब शाफ्ट टर्निंग केला की दोन-तीन सूत इकडंतिकडं नाही पण दोन-तीन शतांशचा टेपर येतोच, तो मागनं एमरीनं मारायचा. पण चालते, आणि जड कट घेतला तरी हलत नाही.

मागच्या वर्षी गुऱ्हाळं सुरू व्हायच्या तोंडाला घात झाला. चूक आमचीच, आधीच सांगतो. गिअर बदलायला सोपं पडतं म्हणून बाजूचं कव्हर काढून ठेवलेलं होतं, पोरगा पाना घेऊन वळला आणि एक नट नेमका ४० च्या आणि १२७ च्या मध्ये पडला. कडाड असा आवाज. १२७ चे ओळीनं पाच दात साफ. ते गिअर बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतात, बीड वाकत नाही, तुटतं. पोराच्या हाताला लागलं नाही ही देवाची कृपा म्हणायची, कव्हर त्याच दिवशी परत बसलं.

तुमच्या वाचकांत लेथ न बघितलेलेच जास्त असणार म्हणून १२७ चं प्रकरण थोडं सांगतो. लीड स्क्रू म्हणजे हत्यार धरणारं कॅरेज सरकवणारा लांब स्क्रू, जॉबच्या फेऱ्याशी त्याचा मेळ चेंज गिअर घालतात. आमच्या लीड स्क्रूला इंचाला ४ आटे आहेत, म्हणजे स्क्रूच्या एका फेऱ्यात कॅरेज पाव इंच, ६.३५ मिमी सरकतं. जॉबवर मला समजा २ मिमीचा आटा पाडायचाय, तर जॉबचा एक फेरा होताना लीड स्क्रू २ भागिले ६.३५ एवढाच फिरला पाहिजे. हा अपूर्णांक सोडवला की वर ४० आणि खाली १२७ येतो. दीड मिमीला ३० वर, १२७ खाली. अडीचला ५० आणि १२७. कुठलाही मिमीचा आटा घ्या, खाली १२७ बसलेलाच, कारण ५ इंच म्हणजे बरोबर १२७ मिमी. हा एक गिअर गेला की इंची लेथवर सूतइंची आटे पाडत बसायचं, मिमीचं काम बंद. आणि आता गिऱ्हाईक काय आणतं, एम-१६, एम-२०, एम-२४, सगळं मिमीच. इंची बोल्ट फक्त जुन्या इंजिनाबरोबर येतात.

पहिल्यांदा देशी इलाज केला. तुटलेल्या जागी पितळेचं ब्रेझिंग भरलं आणि कानशीनं दात घासून काढले. शेजारच्या चांगल्या दाताचा पत्र्याचा साचा केला आणि लावून लावून बघत दोन रात्री घालवल्या. चार महिने चाललं बरं का. मग बाजूचे दोन गेले, तेव्हा म्हटलं आता नवीनच करायचा.

आणि इथनं शोध सुरू झाला. गिअर करणाऱ्याकडं तुटका नमुना घेऊन गेलो, नाव सांगत नाही, माणूस वाईट नाही, घाईत होता. त्यानं दात बोटानं चाचपले आणि म्हणाला दीड मॉड्यूल (दाताचा आकार सांगणारं मिमीतलं माप) आहे, ठेवून जा. आठवड्यानं गिअर आला, दिसायला एकदम झकास, बसवला तर गुरगुरायला लागला आणि अर्ध्या फेऱ्यात अडकला. दोष कुणाचा म्हणून मी रात्री व्हर्निअर घेऊन बसलो. २०० चा व्हर्निअर पुरत नव्हता, शेजारून ३०० चा आणला. दुसरी गोष्ट, १२७ ही विषम संख्या, दातासमोर दात येत नाही खाच येते, म्हणून भोकाच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंत माप घेतलं, त्यात अर्धं भोक मिळवलं आणि दुप्पट केलं. आलं २०४.८. आता सरळ दातांच्या साध्या गिअरच्या बाहेरच्या मापाला दात अधिक दोन नं भागलं की मॉड्यूल मिळतो, म्हणून २०४.८ ला १२९ नं भागलं तर १.५८७. असला मॉड्यूल कटरच्या कुठल्याच सेटमध्ये नसतो. मग डोक्यात आलं की अरे ही इंग्लंडची बाई आहे, हिला मिमीत काय विचारतोस. २०४.८ म्हणजे आठ पूर्णांक एक सोळांश इंच. १२९ ला त्यानं भागलं तर बरोबर १६, ना कमी ना जास्त. सोळा डीपीचा गिअर आहे हा, डीपी म्हणजे दाताचं तेच माप इंची पद्धतीनं. दीड मॉड्यूलचा केला की बाहेरचं माप १९३ च्या आसपास येतं, दातादातातलं अंतर पाच मिमीऐवजी ४.७, एकदोन दात लागतील, पुढं भांडणारच. वरनं जुन्या इंग्रजी गिअरचा दाब-कोन, म्हणजे दाताच्या बाजूचा उतार, साडेचौदा अंशाचा असायचा, आताचे कटर वीसचे. डीपी बरोबर घेतला आणि कोन चुकला तरी फिरतो पण किंचाळतो.

तर साहेब, हे कळायला मला पंधरा दिवस आणि एका गिअरचे पैसे लागले. मग सोळा डीपीचा कर म्हटलं तर दुसऱ्या एकानं सांगितलं, कटर बघतो पण १२७ होणार नाही. का? तर १२७ ला कशानंच भाग जात नाही. फेऱ्याचे सारखे भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या प्लेटवर १२७ भोकांची ओळ नसते, साध्या इंडेक्सिंगनं (भोकं मोजून फिरवण्यानं) ते जमत नाही, डिफरन्शियल नावाची जादा गिअरजोडणी लावावी लागते आणि ती त्याच्याकडं नव्हती. हॉबिंगवाल्याचीही (मशिनीवर गिअरचे दात पाडणाऱ्याची) तीच रड, त्याच्या मशिनीला १२७ पाडायला स्वतःचा १२७ चा चेंज गिअर लागतो नाहीतर डिफरन्शियल. म्हणजे १२७ करायला १२७ पाहिजे.

म्हणून जुना कुठं मिळतो का ते बघायला निघालो. शिरोली, गोकुळ शिरगाव झालं. पुण्याला बहिणीकडं गेलो तेव्हा रविवारचा जुना बाजार पालथा घातला, पाने मिळाले, मायक्रोमीटर मिळाला, पितळी बंब मिळाला (घेतला नाही), गिअर नाही. पूर्वी चिखली-कुदळवाडीत भंगाराच्या गोदामांतनं असल्या वस्तू निघायच्या, पण ती गोदामं २०२५ च्या फेब्रुवारीत पिंपरी-चिंचवड महापालिकेनं पाडली, पाडायला पाहिजे होती की नको हा वेगळा विषय, पण माल विखुरला तो विखुरला, आता कुणाला फोन करायचा तेच कळत नाही. मुंबईत मशिनीच्या पार्टचा बाजार आहे त्या नागदेवीला गेलो. तिथला शेठ चांगला, बसायला स्टूल दिलं, पण पहिला प्रश्न 'मेक कुठला'. मेक माहीत असता तर नागदेवीला कशाला आलो असतो. फोटो काढून पंजाबातल्या बटालाच्या आणि राजकोटच्या दुकानदारांना पाठवले, ते पाच मिनिटात रेट पाठवतात, सगळे मॉड्यूलचे, त्यांच्या स्वतःच्या लेथचे.

नाव असलेल्या मशिनीचं एवढं अडत नाही हेही खरं. एचएमटी घ्या. १९५३ ला बंगलोरला स्विस ओर्लिकॉनच्या मदतीनं सुरू झालेला कारखाना, पुढं केरळात कळमस्सेरीला लेथ बनायला लागल्या, आणि देशभर इतक्या विकल्या गेल्या की त्यांचे गिअर, नट, बुश छोटे कारखानदार बनवून ठेवतात. हरिहरची म्हैसूर किर्लोस्कर १९४१ ची, ती कंपनी बंद पडली पण तिच्या लेथचे पार्ट विचारा, कुणीतरी म्हणतो थांबा आणून देतो. तिकडं इंग्लंडात मायफर्ड नावाची छोट्या लेथची कंपनी होती, बीस्टनची, २०११ ला बंद झाली तर दुसऱ्या व्यापाऱ्यानं नाव आणि स्पेअर दोन्ही घेतलं आणि १९४६ साली निघालेल्या मॉडेलचे पार्ट आजही मिळतात. अडतं ते आमच्यासारख्या नेमप्लेट गेलेल्या अनाथ मशिनींचं, आणि असल्या मशिनी आपल्याकडं गल्लोगल्ली आहेत, गिरणीतनं आलेल्या, साखर कारखान्यातनं आलेल्या, रेल्वेतनं आलेल्या.

आता मूळ मुद्दा. या सगळ्या धावपळीत लिलावाची एक जाहिरात वाचून मी एका शिक्षणसंस्थेच्या वर्कशॉपमध्ये माल बघायला गेलो. जिल्हा आणि नाव मुद्दाम लिहीत नाही कारण असं सगळीकडंच होतं. शेडमध्ये चार लेथ उभ्या होत्या, त्यातली एक बघून मी थबकलोच. आमच्याच लेथची सख्खी बहीण. एप्रनचा तोच आकार, हँडव्हीलला तीच वाकडी मूठ, बेडच्या टोकाला नंबरसुद्धा त्याच जागी ठोकलेला. आणि तिच्यावर नेमप्लेट नव्हतीच, तिचीही चार भोकं. पितळ असतं ना ते, पहिलं जातं. भिंतीला लागून एक लाकडी पेटी होती, झाकण उघडलं तर आत तारेत ओवलेले गिअर, वर ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं. बोटानं पुसत एकेक नंबर वाचला. ६०, ६५, ७०, आणि सगळ्यात खाली थाळीएवढा तो. १२७. नंबर इतका स्वच्छ ठोकलेला की मला वाटलं परवाच केलाय. दात बघितले, एकही तुटका नाही.

मी तिथल्या साहेबांना म्हटलं, साहेब ही पेटी या लेथची आहे, लेथबरोबर द्या. ते म्हणाले लेथ लॉट नंबर तीन, पेटी लॉट नंबर नऊमध्ये, नऊ म्हणजे सुटं लोखंड, त्याचं वजन होणार. म्हटलं बरं मग पेटीचे मी रोख देतो, वजनाच्या दुप्पट, तिप्पट. म्हणाले असं करता येत नाही, यादी मंजूर होऊन आलीय, लॉट फोडायचा तर परत समितीपुढं जावं लागेल. माणूस खरंच भला होता, त्यांनी चहा पण दिला, पण नियमात बसत नाही ते बसत नाही. लॉट नऊ अख्खा घ्यायचा तर त्यात मोडकी बाकं, खिडक्यांचे गज, कढया, सगळं मिळून काही टन, आणि ते घ्यायला माझ्याकडं परवाना नाही, जागा नाही, पैसे नाहीत. लिलाव झाला. लॉट नऊ ज्यानं घेतला त्याचा पत्ता काढून चौथ्या दिवशी त्याच्या गोदामात पोचलो. तो म्हणाला, 'मामा, परवा आला असता तर. बीड सगळं फौंड्रीला गेलं.' तारेत ओवलेलं होतं बघ, लाकडी पेटीत, असं सांगितलं तर म्हणाला पेटी आहे, पाहिजे तर घेऊन जा. पेटी घेऊन आलो. आता तिच्यात आमच्या डब्यातले गिअर ठेवलेत, बरोबर मावतात.

कोल्हापूरच्या आसपास एवढ्या फौंड्र्या आहेत, तो १२७ आता कुठल्यातरी पंपाच्या बॉडीत असेल, आणि बॉडी घासायला आमच्याच शटरात आली तरी मला कळायचं नाही.

त्या लॉट तीनमधल्या लेथचं काय झालं तेही ऐका. ती घेतली इकडच्याच एका नवीन पोरानं, स्वस्तात मिळाली म्हणून खूश होता. महिन्यानं माझ्याकडंच आला, काका हिच्यावर आटे पडत नाहीत, गिअर नाहीत. सरळ टर्निंग आणि फेसिंग तेवढं होतं म्हणतो. सांगा आता. विकणाऱ्या संस्थेला पेटीचे भंगाराच्या भावानं आले असतील हजार-बाराशे रुपये, आणि पेटीसकट लेथ असती तर बोलीच कितीतरी वर गेली असती, मीच चढवली असती. म्हणजे सरकारचंही नुकसानच.

हाफ नटची गोष्ट थोडक्यात सांगतो नाहीतर पत्र संपायचं नाही. आटे पाडताना जो नट लीड स्क्रूला दोन बाजूनं चावतो तो हाफ नट, आमचा पार चाकूच्या धारेसारखा झिजलेला. गनमेटलचा नवीन करायचा ठरवला. पण त्यात आतनं ४ टीपीआयचा (इंचाला चार आटे) ॲक्मे आटा पाडायचा, २९ अंशाचा, मिमीवाला ट्रॅपेझॉइडल ३० चा असतो तो चालत नाही, आणि आटा पाडायला लेथला हाफ नट लागतो. तो तर काढून टेबलावर ठेवलेला. शेजारच्या लेथवर गेलो तर त्याचा लीड स्क्रू ६ मिमीचा, त्याच्यावर ६.३५ चा आटा काढायचा हिशोब केला तर आला १२७ वर १२०. फिरून फिरून भोपळे चौकात! शेवटी शिरोलीत एका एचएमटीवाल्याच्या गिअरबॉक्समध्ये इंची-मिमी दोन्ही होतं, त्याच्याकडं रविवारी बसून केला. करताना एक लक्षात ठेवायचं, जुना लीड स्क्रू चकाकडं झिजलेला असतो आणि टेलस्टॉककडं कोरा असतो, नट कोऱ्या बाजूला बसेल असाच करायचा, झिजलेल्या मापानं केला तर पलीकडं जाऊन जाम होईल. चकाकडं थोडा ढिला राहतो पण आटे पाडताना ओढ एकाच बाजूची असते, काही बिघडत नाही. मग करवतीनं मधोमध कापला, कापताना हात थरथरत होता, आठ तासांचं काम होतं.

मधल्या काळात मिमीचे आटे कसे पाडतोय ते विचाराल तर आमच्याकडं पूर्वी कामाला असलेले एक टर्नर आहेत, वय सत्तरच्या पुढं, त्यांनी एक तोड सांगितली. १२७ नसेल तर ६३ चा गिअर कर. २ मिमीसाठी ६३ वर १००, आणि ३० वर ६०, अशी कंपाउंड जोडी. गुणाकार करून बघितला तर ०.३१५ येतो, खरा पाहिजे ०.३१४९६. मीटरभर लांबीत मिमीचा आठवा हिस्सा चुकतो. नटाच्या उंचीत तो फरक कुणाच्या बापाला कळणार नाही, लांब लीड स्क्रू करायचा असेल तर मात्र नाही चालणार. ६३ ला सात नं भाग जातो, नऊ नं जातो, हॉबिंगवाल्यानं दोन दिवसात दिला, डीपी मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. हे गणित त्या टर्नर काकांना तोंडपाठ, आणि त्यांचं शिक्षण किती तर चौथी. असं काही विचारायला आता त्यांच्याकडं कुणी जात नाही.

तर मागणी अशी आहे. ज्या आयटीआय, पॉलिटेक्निक, एसटीचे डेपो, साखर कारखाने जुन्या मशिनी काढतायत त्यांनी यादी करतानाच मशिनीचा डबा आणि चक, स्टेडी, फेसप्लेट हे जॉब धरायचं सामान मशिनीच्याच लॉटमध्ये लिहावं. नवीन नियम करायची पण गरज नाही, यादी करणाऱ्या माणसानं लेथजवळची पेटी उघडून बघायची एवढंच. आणि आयटीआयमध्ये तर टर्नरची पोरं आहेतच, निर्लेखन व्हायच्या आधी त्यांना एक दिवस बसवा त्या लेथपुढं, लीड स्क्रूचा पिच मोजा, एका गिअरचे दात मोजा, बाहेरचं माप घ्या, डीपी का मॉड्यूल ते काढा आणि खडूनं बेडवर लिहा. पोरांचं प्रॅक्टिकल होईल, घेणाऱ्याला अर्धं काम झालेलं मिळेल. पेपरातल्या जाहिरातीत 'लेथ मशीन ४ नग' एवढंच असतं, त्याच्यापुढं 'चेंज गिअरसह' हे दोनच शब्द वाढवायला कितीसा खर्च येतो.

भंगारवाल्या बंधूंनाही हात जोडून विनंती, बीडाची वाट लागू दे, पण गिअर तारेत ओवलेले दिसले तर चार दिवस बाजूला ठेवा, किलोच्या भावापेक्षा जास्तच मिळतील. आणि वाचकांत कुणाच्या घरी आजोबांचं वर्कशॉप होतं, माळ्यावर ग्रीस लागलेली पेटी आहे, आईनं दहा वेळा टाकून द्या म्हटलंय, त्यांनी टाकायच्या आधी सगळ्यात मोठा गिअर पुसून त्याच्यावरचा नंबर वाचावा. १२७ असेल तर आपल्या गावच्या कुठल्याही जुन्या लेथवाल्याला विचारा, तो पळत येईल.

माझा नवीन १२७ सध्या वायरकटवाल्याकडं (विजेच्या तारेनं पोलाद कापणाऱ्याकडं) आहे, बीड नाही, स्टीलच्या प्लेटमधनं कापतोय, सोळा डीपी साडेचौदा अंश असं ड्रॉइंग दिलंय पोराच्या कॉम्प्युटरवरनं काढून. गुरुवारी देतो म्हणालाय, कुठल्या गुरुवारी ते विचारायचं राहिलं.

आपला,
एक जुना लेथवाला
उद्यमनगर, कोल्हापूर